पोलादबाईचा लाल दोरा

तिला सगळे पोलादबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. आणि राग यायचा सोडून तिची मान उलट आणखी ताठ व्हायची, म्हणजे बघा.

काम होतं कॉर्सेट शिवायचं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगायला हवं. जाड सुती कापडाचे दोन थर, त्यांत शिवणीने पाडलेल्या उभ्या नळ्या, प्रत्येक नळीत करंगळीएवढी रुंद पोलादी पट्टी. पुढून आकडे लावायचे. मागे पितळी भोकांच्या दोन रांगा, आणि त्यांतून ओवलेली लांबलचक नाडी. नाडी ओढली की मागची फट मिटत येते आणि आतला माणूस आवळला जातो. कुणाला कंबर बारीक दिसायला हवी असते, कुणाची वाकडी पाठ सरळ व्हायला हवी असते. कापड तेच, पट्ट्या त्याच. पोट सुटलेला एक नट राजाचं काम करायचा, तोही गुपचूप जिना चढून यायचा आणि जाताना म्हणायचा, "बाई, कुठे बोलू नका हं." अहो, बोलायचं काय त्यात? शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आवळलेला राजा दिसत होताच की!

कारखाना म्हणजे कुलपांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत उभा आरसा, पडदा, एक स्टूल आणि धरून उभं राहायला भिंतीत ठोकलेली लोखंडी दांडी. मागच्या खोलीत तीन टेबलं, दोन मशिनं आणि कोपऱ्यात पट्ट्या कापायचं यंत्र. पट्टी कापली की तिची टोकं कानशीने घासून गोल करायची, नाहीतर महिनाभरात कापड फाडून ती बरगडीत घुसते. हे काम पोलादबाईचा नवरा करायचा. मुकाट माणूस. कानस तेवढी बोलायची.

मालक सासरे. तिच्या भाषेत मामंजी. सून घरात आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. मामंजींनी चार वर्षं तिच्याकडून नुसत्या नळ्या शिववून घेतल्या. चुकली की उसव, पुन्हा शीव. बोटांना घट्टे पडले. पाचव्या वर्षी तिच्या हातात मापाची फीत आली, आणि मग तिने मागे वळून पाहिलं नाही. इस्पितळातून पाठ वाकलेली पोरं यायची ती सगळी तिच्याकडे. पोर किंचाळायचं, आई डोळे पुसायची, बाप म्हणायचा, "बाई, आजच्या दिवस जरा सैल सोडा की." ही म्हणायची, "सैलच हवंय तर बनियन घाला. इथे कशाला आलात?" आणि पाय स्टुलाला टेकवून नाडी ओढायची. पोलादबाई हे नाव तिथलं.

आता हिचं सगळं सुरळीत चाललं होतं तोवर दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ आली. धाकटीचा हात असा, की जे शिकायला हिला चार वर्षं लागली ते तिने एका वर्षात उचललं. मामंजी एकदा, एकदाच, सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या बोटांत डोळे आहेत." आणि खिडकीजवळचं टेबल धाकटीला दिलं. झालं! म्हातारा बोलून गेला, पण पोलादबाईच्या काळजात ते रुतलं ते रुतलंच. त्या दिवसापासून दोघींत विळ्याभोपळ्याचं सख्य. एका खोलीत सहा हातांवर बसायच्या आणि बोलायच्या पोलादबाईच्या नवऱ्याच्या मार्फत. "विचारा तिला, मोठी कात्री मोकळी आहे का." "सांगा त्यांना, तुमच्यासमोरच पडलीय." तो बिचारा एकीकडून दुसरीकडे मान वळवत राहायचा. धाकटी मात्र कधी उलटून बोलली नाही. त्याचाही हिला रागच.

त्या कारखान्याचा एक नियम होता. आपल्या रक्ताचं किंवा जिवाच्या माणसाचं माप आपण घ्यायचं नाही. स्वतःच्या बायकोची पाठ धरली तेव्हा मामंजींनी पगारी कारागिराला पुढे केलं होतं आणि स्वतः खाली दुकानात जाऊन बसले होते. म्हणायचे, "लोकांचं पोर रडलं तर कान दुखतात. आपलं रडलं की हात ढिला पडतो. आणि हात ढिला पडलेला आपल्याला कळत नाही, हीच तर पंचाईत."

दुसरं एक, ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पाठीचं कॉर्सेट तयार झालं की पहिल्या दिवशी कारागीर ते स्वतः आवळतो. डॉक्टरांनी सांगितल्याइतकी फट उरली की थांबायचं. मग शेवटच्या भोकातून नाडी जिथे बाहेर येते, तिथे नाडीवर लाल दोऱ्याचे चार टाके घालायचे. ही खूण. घरच्यांनी रोज सकाळी लाल दोरा बाहेर दिसेपर्यंत ओढायचं, बाकी अक्कल चालवायची नाही. पोर वाढतं तशी खूण हलवावी लागते, पण ती डॉक्टरांसमोर, आणि कार्डावर तारीख घालून. या खुणेवर डॉक्टरांचा एवढा विश्वास, की ते फीत काढून बघतसुद्धा नसत.

पोलादबाईला एक मुलगी. एकुलती. चिमणीसारखी बडबडी, एक मिनिट जागेवर नाही, जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढायची. अकराव्या वर्षी तिच्या पोलक्याची शिवण एका खांद्यावर चढलेली दिसली. दुसऱ्या कुठल्या आईला कळलंही नसतं. हिने पोरीला वाकायला लावलं, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला आणि तशीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. तीन वर्षं, दिवसाचे बावीस तास, नीट आवळलेलं कॉर्सेट. हाडं पक्की होईपर्यंत धीर धरलात तर पोर सरळ राहील.

मामंजी तेव्हा थकले होते, खाटेवरून उठत नव्हते. तरी त्यांनी सुनेला बोलावून घेतलं. "माप धाकटी घेईल. नाडीही तीच ओढेल."

"माझ्या पोरीच्या अंगाला ती हात लावणार? मी मेल्यावर."

"अगं, नियम काय तुझ्या जावेसाठी केलाय का? मी माझ्या बायकोला..."

"तुमचा हात ढिला पडला असता, मामंजी. माझा नाही पडत. विचारा कुणालाही."

म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला. धाकटी दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "जाऊबाई, माझ्यावर राग आहे तो असू द्या. पोरीचं मी करते." पोलादबाईने नवऱ्याकडे बघून सांगितलं, "म्हणावं, आपलं काम बघा."

कॉर्सेट तिने असं शिवलं, की तसं पुन्हा त्या कारखान्यात झालं नाही. टाका दिसेना. टोकं तिने स्वतः घासली, नवऱ्यालाही हात लावू दिला नाही. पहिल्या दिवशी आवळलं, लाल दोरा घातला, डॉक्टर म्हणाले वा! पहिले दोन महिने रोज सकाळी पोर दांडी धरून उभी राहायची, ही ओढायची, दोरा बाहेर यायचा. पोरीची बडबड कमी झाली. जिना एकेक पायरी चढायला लागली. कमरेवर दोन्हीकडे कातडी सोलवटली, तिथे ही मलम लावायची आणि पुन्हा ओढायची. इथवर पोलादबाई पोलादबाईच होती.

मग एका सकाळी पोर म्हणाली, "आई, अर्धा इंच. फक्त अर्धा इंच सोड ना. मला वर्गात बसता येत नाही गं. मुली हसतात, मी लाकडासारखी बसते म्हणून."

हे वाक्य तिने आजवर हजार पोरांच्या तोंडून ऐकलं असेल. त्या सकाळी तिने ओढलं, नियमाप्रमाणे ओढलं. पण पोर शाळेत गेल्यावर तिच्या हाताला काम सुचेना. संध्याकाळी पोर आंघोळीला गेली, कॉर्सेट खाटेवर पडलं होतं. पोलादबाईने लाल दोरा उसवला. फट अर्धा इंच मोठी ठेवायची तर नाडीवरची खूण वीतभर टोकाकडे सरकवावी लागते. हे गणित त्या घरात तिच्याइतकं कुणाला पाठ होतं? तिने वीतभर सरकवून चार टाके घातले. तसेच, अगदी पहिल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी पोर चकित. "आई, आज दुखलंच नाही!" बापाने कानस थांबवून विचारलं, "खूण आली का बाहेर?" "आली की. बघा." त्याने बघितली. लाल दोरा बाहेर होता. पोर त्या दिवशी शाळेतून गाणं म्हणत आली, आणि ते गाणं ऐकून हिच्या जिवाला काय वाटलं असेल ते ज्याच्या घरात दुखणाईत पोर आहे त्याने ओळखावं. चार दिवसांनी पुन्हा नेमाने आवळू, असं ती स्वतःला सांगत होती. चार दिवसांचा आठवडा झाला. मग परीक्षा आली, मग उन्हाळा आला, मग सहल आली. खूण चार वेळा सरकली. फट दोन इंचांनी वाढली. कुणी म्हणालंच की फट मोठी दिसते, तर ही म्हणायची, "पोर वाढतेय." खोटं नव्हतं ते. तेवढंच एक खरं होतं.

डॉक्टर दर सहा महिन्यांनी पाठ बघायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. "घट्ट बांधता ना?" "खूण बघा ना, डॉक्टर. हलवायची गरजच पडली नाही अजून." "छे छे, तुमच्या हाताबद्दल कोण शंका घेईल! हिचं हाडच हट्टी दिसतंय." आणि पोर तिथे स्टुलावर बसून ते ऐकायची. हाड हट्टी. म्हणजे दोष आपलाच. ती घरी येऊन आईलाच समजावायची, "आई, तू वाईट नको वाटून घेऊस. तू तरी काय करणार?" यावर जिची जीभ सुटली नाही ती आई कसली, असं तुम्ही म्हणाल. नाही सुटली. नाही बोलली ती. आधी पोरीला दुखू नये म्हणून, आणि नंतर आपली चूक धाकटीला कळू नये म्हणून. यातलं दुसरं कारण मोठं होत गेलं, हे मला स्पष्ट सांगू द्या.

तीन वर्षांनी कॉर्सेट सुटलं. उजव्या खांद्याचं पातं बाहेर, डावी कंबर आत. आता याच्या पुढे काही होणार नाही, डॉक्टर म्हणाले.

पोर मोठी झाली. नोकरीला लागली. तिचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या मजल्यावर थांबून दम घ्यायची आणि कुणी आलं तर पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करायची. पोलक्याच्या डाव्या खांद्यात स्वतःच कापसाची गादी शिवायची, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. हात आईचाच होता, गादी कुणाला ओळखू यायची नाही.

मामंजी गेले तसा माळा रिकामा करायला काढला. जुन्या कॉर्सेटमधल्या पट्ट्या काढून नव्यात वापरायच्या ही तिथली रीत. धाकटीच्या हाती पोरीचं कॉर्सेट आलं. पट्ट्या काढता काढता तिने सवयीने नाडी बोटांतून सोडली. आणि थांबली. सुईची भोकं. वीतभर अंतराने, पुन्हा वीतभराने, पुन्हा. एकूण पाच जागा. तिने ड्रॉवरमधून पोरीचं कार्ड काढलं. कार्डावर खूण एकच, पहिल्या दिवसाची.

ती उठून पोलादबाईच्या टेबलाशी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवरा मध्ये नव्हता.

"जाऊबाई, हे काय?"

पोलादबाईने नाडीकडे बघितलं. कात्री खाली ठेवली. "तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय? तुम्ही रोज खूण दाखवत होतात आम्हाला. मामंजींना दाखवलीत. ते मरताना म्हणत होते, हिचा हात खरंच ढिला पडला नाही, मीच चुकलो."

"ओरडू नकोस!"

पण धाकटी ओरडत नव्हतीच. आणि पोर दारात उभी होती. छत्री विसरली म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आली होती. तिने दोघींकडे बघितलं, पुढे आली, नाडी हातात घेतली. कारखान्यातच वाढलेली पोर. तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

"किती?" तिने विचारलं.

"दोन इंच," पोलादबाई म्हणाली.

"मला का नाही विचारलंस?"

"तूच म्हणाली होतीस गं. सोड म्हणून. रडत होतीस..."

"मी अकरा वर्षांची होते, आई."

ना आदळआपट, ना शिव्याशाप. पोरीने छत्री घेतली आणि ऑफिसला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढे तिने ऑफिसातल्याच एकाशी लग्न केलं, वेगळं बिऱ्हाड केलं. दर रविवारी यायची, औषधं संपली का विचारायची, बाप आजारी पडला तेव्हा सगळं केलं, बाप गेला तेव्हाही. पण आईकडे पाठ करून ती कधी बसली नाही. खुर्ची ओढून भिंतीला टेकवायची आणि मगच बसायची. पोलादबाईने दोनदा, तीनदा तोंड उघडलं. "अगं, मला तेव्हा..." पोर म्हणायची, "चहा गार होतोय तुझा." विषय संपला.

अशी वर्षं गेली. जावा म्हाताऱ्या झाल्या. गिऱ्हाईक कमी झालं, इस्पितळात प्लॅस्टिकचे तयार साचे आले. तरी एकदोन जुने डॉक्टर अजून याच जिन्याचा पत्ता देत. कॉर्सेट शिवणाऱ्या दोघी, आणि मशिनवर एक पगारी बाई. नवरा नसल्यामुळे आता दोघींना एकमेकींशी बोलावंच लागायचं, तेही कामापुरतं.

आणि मग लेकीचा फोन आला. नातीची शाळेत तपासणी झाली होती. पोर अकरा वर्षांची. पाठ वाकायला लागलीय. डॉक्टरांनी याच जिन्याची चिठ्ठी दिलीय. "शनिवारी आणते," लेक म्हणाली. बास, एवढंच.

पोलादबाई त्या आठवड्यात वेडी झाली होती, दुसरा शब्द नाही. टेबल घासून काढलं. नवी फीत आणली, जुनी ताणून पाव इंच वाढते म्हणून. मऊ पण न ताणणारं कापड तीन दुकानं फिरून आणलं. पट्ट्या एकेक वाकवून बघितल्या. एकच गोष्ट तिच्या डोक्यात. नातीची पाठ आपण सरळ करू. दोन इंच काय, केसभर सोडायचं नाही. मग लेक काय म्हणायचं ते म्हणू दे, पण एकदा म्हणू दे. मशिनवरची बाई म्हणाली, "आजी, तुमच्याकडे नियम आहे ना रक्ताचा?" त्यावर ती एवढ्या जोरात खेकसली, की बाईच्या हातातला दोरा तुटला.

शनिवारी लेक आली. नात मागे, आईचा पदर धरून. पोलादबाई फीत गळ्यात घालून आरशाशी उभी होती. लेकीने तिला बघितलं, "कशी आहेस?" म्हणाली, आणि तिच्या शेजारून पुढे मागच्या खोलीत गेली. खिडकीजवळच्या टेबलापाशी थांबली.

"काकू, हिचं माप तुम्ही घ्या."

धाकटीने चष्म्यातून वर बघितलं. मग जावेकडे. "अगं, तुझ्या आईने सगळी तयारी केलीय."

"तुम्हीच घ्या, काकू."

पोलादबाईने गळ्यातली फीत काढली. मशिन चालू होतं ते बंद झालं होतं. तिने फीत गुंडाळली आणि धाकटीच्या टेबलावर ठेवली. "नवी आहे," म्हणाली. "हीच वापर."

तीन आठवडे धाकटी शिवत होती आणि पोलादबाई आपल्या टेबलावरून बघत होती. मध्येमध्ये बोलायची, "ती नळी दोन दोरे तिरपी गेलीय." गेलेली नसायची. धाकटी बघून म्हणायची, "ठीक आहे ती." आणि पुढे शिवायची.

आवळायचा दिवस आला. नात दांडी धरून उभी राहिली. धाकटीने नाडी हाताला गुंडाळली, ओढली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. अंगठ्यांचे सांधे केव्हाच गेले होते तिचे. शिवणं जमायचं, ओढणं नाही. तिने पुन्हा ओढून बघितलं. फट जशीच्या तशी.

"माझ्या बोटांत आता राम नाही गं," ती लेकीला म्हणाली. "आणि या मशिनवालीला अंदाज नाही, बरगडीला इजा करेल. ओढायला तुझी आईच हवी. मी शेजारी उभी राहते. मी बास म्हटल्याशिवाय थांबायचं नाही."

लेकीने मुलीची बोटं दांडीवर पुन्हा नीट ठेवली. खालच्या दुकानात कुणीतरी किल्ली घासत होतं. मग लेक म्हणाली, "ओढ."

पोलादबाईने पाय स्टुलाला टेकवला. साठी उलटलेली बाई, पण हात विसरले नव्हते. नाडी ताणली, फट मिटू लागली. नातीचा श्वास अडकला. "आजी," ती म्हणाली, "आजी, दुखतंय."

"अजून," धाकटी म्हणाली.

तिने ओढलं. नात रडायला लागली. अगदी तोच आवाज, रक्ताचाच आवाज तो, दुसरा कसा असणार! "आजी, थोडंसंच सोड ना गं. थोडंसंच!"

पोलादबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. नाक पुसायला हात मोकळा नव्हता. "अजून एक बोट," धाकटी म्हणाली. तिने अजून एक बोट ओढलं. नात किंचाळली, दांडी सोडून आईच्या हाताला लोंबकळली. हात ढिला पडला नाही.

"बास!"

धाकटीने वाकून फट मोजली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा आकडा बघितला, आणि मान हलवली. बरोब्बर. तिने सुई घेतली आणि लाल दोरा घालायला लागली. पोलादबाई नाडी तशीच ताणून धरून उभी होती. तिने हळूच लेकीकडे बघितलं. जन्मभर ज्या एका शब्दाची वाट बघितली तो आता येईल, असं त्या म्हातारीला खरोखर वाटलं.

लेक मुलीचे डोळे पुसत होती. तिने आईकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे.

"म्हणजे जमतं तुला," ती म्हणाली.